नवी मुंबईतील ट्रामचा खर्च: खासगी पैसा कुठे घ्यावा आणि कुठे घेऊ नये

ऐरोलीतील गृहनिर्माण संस्थांच्या एका महासंघाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: वाशीहून कोपरखैरणे आणि घणसोलीमार्गे ऐरोलीपर्यंत, तसेच एक फाटा काढून महाप्याच्या औद्योगिक पट्ट्यापर्यंत रस्त्याच्या पातळीवरून धावणारी ट्राम उभारायची असेल, तर ती संपूर्णपणे खासगी कंपनीकडून बांधून घेता येईल का, आणि महापालिकेवर एका रुपयाचाही बोजा न पडता हे जमेल का? नागरी वाहतूक प्रकल्पांच्या कर्जांची छाननी आणि करारांची आखणी हेच काम अनेक वर्षे केलेले असल्यामुळे मी थोडे विस्ताराने उत्तर देत आहे.

प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. पहिला भाग कागदावर शक्य आहे, परंतु तो तसा करू नये असे माझे मत आहे. या मतामागील कारण समजण्यासाठी आधी आकडेमोड पाहणे आवश्यक आहे. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल गृहीत धरलेले आहेत. ते कोणत्याही अहवालातील नाहीत.

मार्ग १५ किलोमीटरचा आणि खर्च किलोमीटरमागे १५० कोटी रुपये धरला, तर भांडवली खर्च २,२५० कोटी रुपये होतो. रोज १ लाख २० हजार प्रवासी आणि सरासरी तिकीट १८ रुपये धरू. सुट्यांच्या दिवशी होणारी घट लक्षात घेऊन वर्षाचे ३४० दिवस मोजले, तर तिकिटांचे वार्षिक उत्पन्न साधारण ७३ कोटी रुपये होते. चालक, वीज, देखभाल, सुरक्षा आणि तिकीट यंत्रणा यांवर वर्षाला ७० कोटी रुपये खर्च झाले, तर दैनंदिन खर्च जेमतेम निघतो आणि तीन कोटी उरतात. जगातील बहुतेक शहरांत एवढेही उरत नाही. आता केंद्र आणि राज्य सरकारांनी मिळून खर्चाच्या ४० टक्के, म्हणजे ९०० कोटी रुपये, अनुदान दिले असे समजू. उरलेल्या १,३५० कोटी रुपयांची परतफेड २५ वर्षांत करायची आहे. खासगी कंपनीने त्यातील ७० टक्के रक्कम साडेनऊ टक्के व्याजाच्या कर्जातून आणि ३० टक्के रक्कम स्वतःच्या भागभांडवलातून उभी केली, आणि भागभांडवलावर १५ टक्के परतावा मागितला, तर वार्षिक हप्ता सुमारे १६२ कोटी रुपयांचा बसतो. तीच रक्कम एखाद्या सार्वजनिक संस्थेने आठ टक्क्यांनी उचलली, तर हप्ता सुमारे १२६ कोटींवर येतो, आणि परदेशी विकास बँकेचे तीन टक्क्यांचे कर्ज मिळाले, तर तो ७८ कोटींच्या आसपास राहतो. विदेशी चलनातील कर्जात रुपयाच्या घसरणीचा धोका असतो आणि तो कुणीतरी सोसावाच लागतो, हे येथे विसरता येणार नाही.

१६२ कोटींचा हा हप्ता तिकिटातूनच काढायचा असे ठरवले, तर सरासरी तिकीट १८ रुपयांवरून ५७ रुपयांच्या आसपास न्यावे लागेल. ज्या मार्गावर एनएमएमटीची (महापालिकेच्या परिवहन उपक्रमाची) बस आणि शेअर रिक्षा उपलब्ध आहेत, आणि ज्याला बऱ्याच अंतरापर्यंत ठाणे–वाशी लोकल समांतर धावते, त्या मार्गावर या दराने १ लाख २० हजार प्रवासी येणार नाहीत. त्यामुळे हप्त्याची तरतूद तिकिटाबाहेरून करावी लागते, आणि ती कोण, कोणत्या उत्पन्नातून आणि किती वर्षे करणार, हाच अर्थपुरवठ्याचा खरा प्रश्न आहे. खासगी गुंतवणूकदार आज पैसे पुरवतो आणि उद्या ते व्याजासह परत घेतो. त्याच्या येण्याने भरणाऱ्याचे नाव बदलत नाही, केवळ भरण्याची तारीख पुढे जाते.

असे असूनही खासगी सहभागाचा आग्रह सर्वत्र धरला जातो, कारण केंद्र सरकारच्या २०१७ च्या मेट्रो रेल्वे धोरणाने केंद्रीय साहाय्यासाठी कोणत्या ना कोणत्या स्वरूपातील खासगी सहभाग बंधनकारक केला आहे. त्या धोरणात तीन वाटा आहेत: व्यवहार्यता तूट निधीसह (प्रकल्प स्वतःच्या उत्पन्नावर परवडावा म्हणून सरकारने दिलेल्या अनुदानासह) खासगी भागीदारी, प्रकल्प खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत केंद्राचे अनुदान, किंवा केंद्र आणि राज्य यांची समान भागीदारी. व्यवहार्यता तूट निधीच्या योजनेत केंद्र २० टक्क्यांपर्यंत रक्कम देते आणि राज्याला तितकीच भर घालता येते. वरील हिशेबातील ४० टक्के तेथूनच आले आहेत. रस्त्याच्या पातळीवरील हलक्या गाड्यांसाठी केंद्राने २०१९ मध्ये ‘मेट्रोलाइट’ची मानके प्रसिद्ध केली असून ती ताशी १५,००० पर्यंत प्रवासी एका दिशेने असलेल्या मार्गांसाठी आहेत. मात्र मानके प्रसिद्ध झाली म्हणजे निधी मिळाला, असे होत नाही. नाशिकच्या ‘मेट्रो निओ’साठी, म्हणजे रबरी चाकांच्या, विजेच्या तारेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी, २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली होती. त्यानंतर अनेक वर्षे लोटली तरी तेथे गाडी धावलेली नाही.

खाडीपलीकडील ठाण्याची कथाही बोलकी आहे. ठाण्याच्या अंतर्गत वर्तुळाकार मार्गासाठी मध्यंतरी हलक्या रेल्वेचा पर्याय पुढे आला होता. नंतर पुन्हा मेट्रोचाच विचार झाला आणि १६ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ किलोमीटर लांबीच्या, २२ स्थानकांच्या आणि १२,२०० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. म्हणजे किलोमीटरमागे ४२० कोटी रुपये. केंद्र आणि राज्य यांचे समान भागभांडवल आणि द्विपक्षीय संस्थांकडून कर्ज, असा त्याचा मुख्य आधार आहे. त्याशिवाय स्थानकांना कंपन्यांची नावे देण्याचे हक्क विकणे, स्थानकांना थेट जोडमार्ग देणे, मालमत्तांतून उत्पन्न मिळवणे आणि वाढलेल्या भूमूल्यातून वाटा घेणे या मार्गांचाही मंजुरीत उल्लेख आहे. नावांच्या हक्कांविषयी वर्तमानपत्रांतून फार बोलले जाते. माझ्या अनुभवानुसार त्यातून मिळणारी रक्कम स्थानकांच्या झाडलोटीला आणि विजेला हातभार लावते. कर्जाचा हप्ता त्यातून जात नाही.

खासगी कंपनीने सर्व जोखीम उचलावी या कल्पनेची परीक्षा आपल्याच परिसरात झालेली आहे. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. तिच्या कंपनीत रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरचा वाटा ६९ टक्के, एमएमआरडीए या राज्य सरकारच्या प्रादेशिक विकास प्राधिकरणाचा २६ टक्के आणि व्हिओलियाचा पाच टक्के होता; मूळ खर्च २,३५६ कोटी रुपये आणि त्यात ६५० कोटींचे अनुदान ठरले होते. करारात ९, ११ आणि १३ रुपये असे दर होते. गाडी सुरू होताना कंपनीने बांधकामाचा खर्च वाढल्याचे सांगून १० ते ४० रुपये दर जाहीर केले आणि वाद न्यायालयात गेला. येथे एक तपशील ट्रामच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. हा करार १८८६ च्या भारतीय ट्रामवे कायद्याच्या चौकटीत झाला होता, आणि नंतर मार्गाला केंद्रीय मेट्रो कायदा लागू झाला. त्या कायद्यात पहिला दर ठरवण्याचा अधिकार मेट्रो चालवणाऱ्या प्रशासनाकडे आहे. कराराच्या हयातीत कायद्याची चौकट बदलली आणि दरांचे कलम लटके पडले. आपल्या ट्रामला कोणता कायदा लागू होणार, हे निविदा काढण्यापूर्वी निश्चित झाले नाही, तर हाच प्रसंग पुन्हा येईल.

दिल्लीची विमानतळ मार्गिका २०११ मध्ये खासगी कंपनीने सुरू केली आणि २०१३ मध्ये सोडून दिली. त्यानंतर लवाद, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय असा प्रवास होऊन २०२४ मध्ये अंतिम निकाल लागला. हैदराबादची कथा तर आधीपासूनच विलक्षण आहे. २००८ मध्ये सत्यमच्या संस्थापकांच्या कुटुंबाशी संबंधित मेटास या कंपनीने अनुदान नको, उलट आम्हीच सरकारला ३५ वर्षांत ३०,३११ कोटी रुपये देऊ, अशी बोली लावली होती, आणि त्या वेळी अनेकांनी टाळ्या वाजवल्या. सत्यममधील हिशेबाचा घोटाळा उघडकीस आल्यावर २००९ मध्ये ते कंत्राट रद्द झाले. पुढे एल अँड टी कंपनीने १,४५८ कोटींच्या अनुदानावर ते काम पूर्ण केले. स्थानकांजवळच्या जमिनींवरील बांधकामाचे हक्क हा त्या हिशेबाचा मोठा भाग होता, तरीही तोटा भरून निघाला नाही आणि २०२५ मध्ये प्रकल्प राज्य सरकारने घ्यावा अशी बोलणी झाली. कोणीही फुकट देतो म्हणाले, की त्याचे लक्ष रुळांवर नसून जमिनीवर आहे असे समजावे.

या उदाहरणांवरून खासगी क्षेत्र निकामी ठरत नाही. या प्रत्येक करारात कंपनीच्या हाती नसलेली जोखीम कंपनीवर टाकण्यात आली होती, हे त्यांतील समान सूत्र आहे. प्रवासी किती येतील हे बसमार्गांची फेररचना, रिक्षांची परवानगी, पार्किंगचे दर आणि जमिनीचा वापर यांवर ठरते, आणि हे सर्व निर्णय सरकार व महापालिका घेतात. तिकीट दर हा राजकीय निर्णय आहे आणि तो तसाच राहणार. लंडनजवळच्या क्रॉयडनमध्ये २००० साली सुरू झालेली ट्राम ९९ वर्षांच्या सवलत करारावर (बांधून चालवण्याचा हक्क देणाऱ्या करारावर) खासगी कंपनीकडे होती. शहराच्या वाहतूक प्राधिकरणाने तिकीट धोरणात बदल केला की कंपनीला भरपाई द्यावी लागे. अखेर २००८ मध्ये प्राधिकरणाने ती कंपनीच ९ कोटी ८० लाख पौंडांना विकत घेतली. याउलट गाड्या वेळेवर धावणे, डबे स्वच्छ असणे, रूळ आणि विद्युत यंत्रणा यांची देखभाल, सुट्या भागांचा साठा या गोष्टी कंपनीच्या हातात असतात आणि त्यांची जोखीम तिच्यावर टाकणे योग्य ठरते.

जमिनीखालील वाहिन्यांची जोखीम मात्र कोणाही बोलीदाराच्या माथी मारू नये. मेट्रो खांबांवरून जाते, म्हणून तिच्या वाटेतील वाहिन्या खांबांपुरत्याच हलवाव्या लागतात; ट्रामचा रूळ संपूर्ण लांबीभर रस्त्यात बसतो. एडिनबरा शहराच्या ट्रामसाठी सुरुवातीला ३७.५ कोटी पौंडांचा अंदाज होता. २०१४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा मार्ग आखूड होऊन खर्च ७७.६ कोटी पौंडांवर गेला होता, आणि वाहिन्या हलवण्याचे रखडलेले काम व कंत्राटदाराशी झालेला वाद ही त्यामागील ठळक कारणे होती. सिडनीतही वीजवाहिन्यांच्या प्रश्नावरून कंत्राटदार न्यायालयात गेला आणि न्यू साउथ वेल्स सरकारला २०१९ मध्ये ५७.६ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची तडजोड करावी लागली. आपल्या प्रस्तावित मार्गाखाली महापालिकेच्या जलवाहिन्या व मलवाहिन्या, एमआयडीसीच्या वाहिन्या, महावितरणच्या केबल, महानगर गॅसच्या नळ्या आणि दूरसंचार कंपन्यांच्या तारा अशी गर्दी असणार. निविदेपूर्वी सरकारी खर्चाने खड्डे घेऊन त्यांचा नकाशा तयार करणे आणि शक्य तितक्या वाहिन्या आधीच हलवणे, हा या प्रकल्पातील सर्वांत फायदेशीर खर्च ठरेल. त्यात उद्घाटनाची फीत कापण्यासारखे काही नसते आणि म्हणून तो नेहमी मागे पडतो.

आता तिकिटाबाहेरील उत्पन्नाकडे वळतो, आणि नवी मुंबईत याचा विचार सिडकोपासूनच, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या राज्य सरकारच्या महामंडळापासूनच, सुरू होतो. मानखुर्द–वाशी रेल्वे १९९२ मध्ये सुरू झाली. त्या आणि पुढील मार्गांचा ६७ टक्के खर्च सिडकोने आणि ३३ टक्के रेल्वेने उचलला. सिडकोला हे शक्य झाले, कारण जमीन आधीच तिच्या ताब्यात होती आणि रेल्वे आल्यावर वाढणारी किंमत तिच्याच तिजोरीत जाणार होती. वाशी आणि बेलापूर स्थानकांवरील व्यापारी संकुले त्याच विचारातून उभी राहिली. बेलापूर–पेंधर मेट्रोही सिडकोच्याच पैशातून उभी राहिली. भूमूल्यातून वाहतुकीचा खर्च काढण्याचे देशातील हे बहुधा सर्वांत ठळक उदाहरण आहे, आणि आपल्याकडे त्याची पुरेशी कदर झालेली नाही. त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ती जमीन ९५ गावांतील शेतकऱ्यांची होती, १९८४ च्या आंदोलनात माणसे मेली, आणि संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड शेतकऱ्यांना परत देण्याची योजना त्या संघर्षातून आली. भूमूल्याचा पैसा ‘कुणाच्याही खिशातून न आलेला’ असे म्हणताना निदान या शहरात तरी जीभ चाचरली पाहिजे.

वाशी ते ऐरोली या पट्ट्यात ही युक्ती जशीच्या तशी वापरता येणार नाही. तेथील बहुतेक भूखंड कधीच दिले गेले आहेत. उरलेले उत्पन्न तीन वेगवेगळ्या दारांनी जाते: पुनर्विकासातील प्रीमियम आणि मालमत्ता कर महापालिकेकडे, भाडेपट्ट्याच्या हस्तांतरणाचे शुल्क सिडकोकडे, आणि औद्योगिक पट्ट्यातील भूखंडांचे शुल्क एमआयडीसीकडे. ट्रामचा तोटा मात्र एकट्या महापालिकेच्या किंवा एनएमएमटीच्या माथी येण्याची शक्यता आहे. या तिघांना आणि राज्य शासनाला भागधारक करून एक स्वतंत्र कंपनी स्थापन करणे, आणि मार्गापासून ५०० मीटरच्या पट्ट्यातील वाढीव शुल्काचा ठरावीक हिस्सा थेट तिच्या एस्क्रो खात्यात (ठरलेल्या कारणासाठीच पैसे काढता येणाऱ्या राखीव खात्यात) जमा होईल अशी कायदेशीर तरतूद करणे, हे माझ्या मते कोणत्याही निविदेपेक्षा आधी करावयाचे काम आहे. सर्वसाधारण सभेचा ठराव त्यासाठी पुरेसा नाही. ठराव पुढच्या सभेत बदलतो आणि कर्ज देणारी बँक हे जाणते.

राज्यात यासाठी पायवाट तयार आहे. मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूर येथे १ एप्रिल २०२२ पासून मुद्रांक शुल्काबरोबर मालमत्तेच्या किमतीच्या एक टक्का मेट्रो अधिभार आकारला जातो. त्याचा दोष असा, की घर घेणारा तो एकदाच भरतो आणि बाजार थंडावला की उत्पन्न आटते, तर कर्जाचा हप्ता दरवर्षी तेवढाच राहतो. म्हणून दरवर्षी नियमित येणारे उत्पन्न शोधावे लागते. फ्रान्समध्ये अकरा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या मालकांकडून वेतनाच्या प्रमाणात वाहतूक कर घेतला जातो, आणि तेथील अनेक शहरांच्या नव्या ट्राम त्या जोरावर उभ्या आहेत. आपल्याकडे व्यवसाय कराला घटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने माणशी वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली असल्याने त्या दिशेने फार दूर जाता येत नाही. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमची पद्धत मला महापे–ऐरोली पट्ट्यासाठी अधिक सोयीची वाटते. तेथे २०१२ पासून अकरा किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या गाड्या उभ्या करण्याची सोय देणाऱ्या मालकांकडून प्रत्येक जागेमागे वार्षिक शुल्क घेतले जाते आणि ते ट्रामच्या विस्तारासह सार्वजनिक वाहतुकीवरच खर्च होते. आपल्या आयटी पार्कांत वाहनतळांचे मजलेच्या मजले आहेत. अशा शुल्कासाठी राज्याला कायदा करावा लागेल आणि उद्योग संघटना विरोध करतील, हे उघड आहे. परंतु ट्राम दाराशी येण्याचा लाभ त्यांना होणार असेल, तर वाटाही त्यांनी उचलला पाहिजे. ट्राम सुरू होण्यापूर्वी शुल्क लावावे की नंतर, यावर मतभेद होऊ शकतात. मी आधी लावण्याच्या बाजूने आहे, कारण नंतर ते कधीच लागत नाही.

महापालिकेचे कर्जरोखे हा पर्याय अनेकदा सुचवला जातो. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी ७.५९ टक्के दराने २०० कोटी रुपये उभारले होते. २,२५० कोटींच्या प्रकल्पात या आकाराची रक्कम पूरक ठरू शकते, मुख्य नाही. तिचा उपयोग वाहिन्या हलवण्याच्या आणि रस्ता नव्याने बांधण्याच्या कामासाठी करावा, असे मी सुचवेन.

एक जुनी गोष्ट येथे नोंदवण्यासारखी आहे. मुंबईत १९०५ मध्ये वीजपुरवठा आणि ट्राम या दोन्ही गोष्टी एकाच कंपनीकडे आल्या, १९०७ मध्ये विजेची ट्राम धावू लागली, आणि १९४७ मध्ये तो उपक्रम, म्हणजे आजची बेस्ट, महापालिकेकडे गेला. ट्राम १९६४ मध्ये बंद झाली, तरी बेस्टच्या वीज विभागाने परिवहन विभागाचा तोटा भरून काढण्याची पद्धत पुढे कित्येक वर्षे चालू राहिली. नफ्याचा आणि तोट्याचा धंदा एकाच छताखाली ठेवण्याचा तो प्रकार होता. नवी मुंबईत वीज महापालिकेकडे नसल्यामुळे त्या जागी जमीन आणि वाहनतळ यांचाच विचार करावा लागतो.

या सर्वांवरून माझी शिफारस अशी आहे. रस्ता, रूळ, वाहिन्या आणि स्थानके यांचा खर्च सरकारी भागभांडवल आणि स्वस्त दीर्घ मुदतीचे कर्ज यांतून करावा. गाड्या, सिग्नल, विद्युत यंत्रणा, आगार आणि देखभाल हे एकाच खासगी कंत्राटात १५ ते २० वर्षांसाठी द्यावे, आणि त्याचे पैसे प्रवासी संख्येनुसार न देता गाडी वेळेवर व सुस्थितीत उपलब्ध असण्यावर, तिमाही हप्त्यांनी द्यावेत. महामार्गांच्या हायब्रीड ॲन्युइटी पद्धतीत ४० टक्के रक्कम बांधकामाच्या काळात आणि उरलेली नंतर हप्त्यांनी दिली जाते. कंत्राटदार आणि बँका या दोघांनाही ती रीत परिचित आहे. तिकिटाचे उत्पन्न आणि दर ठरवण्याचा अधिकार सार्वजनिक कंपनीकडे राहावा, म्हणजे एनएमएमटीच्या बसचे आणि ट्रामचे तिकीट एक करताना कुणाला भरपाई द्यावी लागणार नाही. यात महापालिकेवर बोजा येतो, परंतु तो किती आणि कोणत्या वर्षी येणार हे पहिल्या दिवशी माहीत असते.

आपल्या महासंघाला जनसुनावणीत एकच कागद मागता आला, तर कराराच्या मसुद्यातील मुदतपूर्व समाप्तीचे प्रकरण मागावे. कंपनी मध्येच निघून गेली तर सरकारने तिच्या कर्जाचा किती हिस्सा फेडायचा, हे तेथे लिहिलेले असते. गुरुग्रामच्या रॅपिड मेट्रोत सरकारी अनुदान नव्हते आणि ती पूर्ण खासगी म्हणून वाखाणली गेली होती. कंपनी बाहेर पडल्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये, लेखापरीक्षणात निश्चित झालेल्या थकित कर्जाच्या ८० टक्के रक्कम एस्क्रो खात्यात भरण्याचा आदेश तेथील शहरी विकास प्राधिकरणाला दिला, कारण करारातच तसे कलम होते. आपल्या मसुद्यातही तो आकडा ८० किंवा ९० टक्के असेल, आणि कंपनीचे स्वतःचे भागभांडवल किरकोळ असेल, तर प्रकल्प खासगी म्हणून जाहीर झाला तरी कर्जाचा खरा जामीनदार नवी मुंबईचा करदाताच असेल. तशा स्थितीत ते कर्ज कंपनीमार्फत साडेनऊ टक्क्यांनी का घ्यायचे आणि सार्वजनिक संस्थेने थेट स्वस्तात का घ्यायचे नाही, याचे लेखी उत्तर आयुक्तांकडे सुनावणीतच मागावे.